जपानी खानावळीतला मासा आणि आपल्या धरणावरचा मासा

(सामुदायिक रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण जपानी लोकांच्या माशांच्या खानावळीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र कुठला? आपल्याकडे समुद्राचा मासा येतो तो बाजाराच्या दिवशी सुकट आणि बोंबील होऊन. मग जपानची गोष्ट इथं कशाला? पण थोडं ऐका. शेवटी ही गोष्ट आपल्या खडकपूर्णाच्या धरणावर येऊन थांबणार आहे.

आणखी एक. आपल्यात माळकरी बहिणी पुष्कळ आहेत. कोणी मासा खावा असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. ज्या खात नाहीत त्यांनीही ऐकावं, कारण बोलणं आहे ते कष्टाच्या मोलाचं. ते दूधवालीलाही लागू आहे, भाजीवालीलाही आणि पापड करणारीलाही.

आता आम्हाला जपानी खानावळ कुठं भेटली? मुंबईत दरवर्षी महालक्ष्मी सरस भरतं, ते तुम्हाला माहीत आहे. राज्यभरातले बचत गट तिथं आपला माल विकायला नेतात. गेल्या वेळी आम्ही पाच जणी तिथं होतो. जालन्याहून रात्रीची गाडी धरली, बरोबर डाळी, मसाले आणि पापडाची पोती. आमच्यातल्या एका काकूंची भाची मुंबईत एका जपानी हॉटेलात कामाला आहे. हॉटेलचं शिक्षण घेतलेली पोरगी. ती म्हणाली, "मावशी, एक दिवस दुपारी या, मी तुम्हाला आमच्याकडचं जेवण दाखवते." गेलो आम्ही.

मुंबईत असली हॉटेलं आता बरीच झाली आहेत. ताजमहाल हॉटेलात २००४ साली 'वसाबी' नावाचं जपानी जेवणघर सुरू झालं. ते फार मोठ्या लोकांचं. आम्ही गेलो ते त्यामानाने लहान, पण पद्धत जुनी जपानी.

दाराला कापडी पडदा, मधोमध चिरलेला. आत पाऊल टाकलं की सगळे कामगार एका सुरात ओरडतात, "इराश्शाइमासे!" आमच्यातली एक जण दचकलीच. भाचीने सांगितलं, याचा अर्थ 'या, या'. चपला बाहेर काढायच्या. खाली गवताच्या विणलेल्या चटया आणि बुटकी मेजं. आम्हाला वाटत होतं हॉटेलात अवघडल्यासारखं होईल, पण मांडी घालून बसायला मिळालं तेव्हा सगळ्या जणी पंगतीला बसाव्या तशा बसल्या. मग प्रत्येकीला गरम पाण्यात पिळलेला ओला रुमाल आला, हात पुसायला. मग चहा. हिरवा, त्यात दूध नाही, साखर नाही. तो मात्र कुणालाच आवडला नाही.

जेवायच्या आधी जपानी लोक हात जोडतात आणि "इतादाकिमास" म्हणतात. म्हणजे, हे अन्न मी नम्रपणे स्वीकारतो. ज्या जिवाचं हे अन्न झालं, ज्यांनी ते पिकवलं, पकडलं, रांधलं, त्यांची आठवण त्यात असते. जेवण झालं की पुन्हा आभार मानतात. आपल्याकडे ताटाला नमस्कार करतात तसंच ते.

खायला दोन काड्या असतात. भाचीने दोन गोष्टी बजावल्या. एक, भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. दोन, एकीच्या काडीतून दुसरीने काडीनेच घास घ्यायचा नाही. दोन्ही गोष्टी तिकडे मयताच्या विधीतल्या आहेत. उभ्या काड्यांचा भात मृतासाठी ठेवतात आणि दहनानंतर अस्थी काड्यांनी उचलून एकाकडून दुसऱ्याकडे देतात. आम्ही लगेच समजलो. आपल्याकडेही पिंडाचा भात आणि ताटातला भात यांत फरक पाळतातच. आणि काड्या ज्यांना जमल्या नाहीत त्यांची भाचीने सोय सांगितली. सुशी नावाचा जो पदार्थ आहे, तो हातानेच खायची जुनी रीत आहे. मग काय, सगळ्यांनी हातच चालवले.

पहिल्यांदा आलं वाटीभर सूप. त्याला मिसो म्हणतात. मिसो म्हणजे काय ते ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सोयाबीन शिजवून, कुटून, मीठ घालून महिनोन्‌महिने आंबवतात, तो मिसो. मेजावर काळा रस होता, सोया सॉस, तोही सोयाबीन आणि गव्हाचा. सुपात पांढरे मऊ चौकोन होते, ते टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. बायांनो, सोयाबीन आपल्या जिल्ह्याचं पीक. आपण पोत्यात भरून ते बाजार समितीत नेतो आणि भाव काय निघतो म्हणून फळ्याकडे बघत बसतो. जपान त्याच दाण्यावर तीन-तीन पदार्थ उभे करतो.

त्या सुपाची चव आपल्या ओळखीची लागली. भाचीला विचारलं तर म्हणाली, पाण्यात सुकवलेल्या माशाचा किस आणि सुकवलेलं समुद्री शेवाळ उकळतात. म्हणजे आपण वांग्यात मूठभर सुकट टाकली की भाजीला जी चव येते, त्याच कुळातली ही. त्या चवीला जपानीत 'उमामी' म्हणतात. १९०८ साली किकुनाए इकेदा नावाच्या शास्त्रज्ञाने त्या शेवाळातून ही चव देणारा पदार्थ वेगळा काढला होता.

मग मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला मासा आला. तो बांगड्याचा चुलतभाऊ. मसाला नाही, तिखट नाही. मग पिठात बुडवून तळलेले झिंगे, आपल्या भज्यांसारखे पण पातळ कवचाचे. त्याला टेम्पुरा म्हणतात. ही तळायची रीत सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी जपानात नेली असं मानतात. मग सुशी. चिकट भाताला व्हिनेगर, मीठ आणि साखर लावायची, त्याचा अंगठ्याएवढा मुटका करायचा आणि वर माशाची पातळ कापटी ठेवायची. कापटी बहुतेक वेळा कच्ची. आमच्या मोठ्या काकू म्हणाल्या, "माय, हे तर कच्चंच हाय!" त्यांनी भाजलेला मासा घेतला. धीट होत्या त्या दोघींनी कच्चा खाल्ला. बाजूला हिरवी चटणी होती, वसाबी. ती मिरचीसारखी जिभेला झोंबत नाही, मोहरीसारखी नाकात जाते. ती मोहरीच्याच कुळातली आहे.

एका ताटलीत सुशीचे आठ तुकडे. ताटलीचे साडेआठशे रुपये. भाचीने तिच्या सवलतीत आणि तिच्या प्रेमाखातर खाऊ घातलं म्हणून बरं. पण आकडा ऐकून काकूंनी जो प्रश्न विचारला, तोच आजच्या भाषणाचा मुद्दा आहे. त्या म्हणाल्या, "ना मसाला, ना तेल, ना चूल. मग एवढे पैसे कशाचे घेतात?"

भाचीने उत्तर तोंडाने दिलं नाही. तिने आम्हाला मासा कापणाऱ्यासमोर नेऊन उभं केलं.

मैत्रिणींनो, हे नीट ऐका. त्या हॉटेलात मासा कापणारा मागे लपलेला नसतो. तो सगळ्यांच्या समोर उभा असतो, मधोमध. गिऱ्हाईक त्याच्यासमोर बसतं आणि त्याचे हात बघत जेवतं. लांब सुरी, एका बाजूने धार. एका ओढीत काप निघतो. प्रत्येक कापानंतर पाट पुसतो, सुरी पुसतो. आम्ही दहा मिनिटं उभ्या होतो. काकू म्हणाल्या, "मासा एवढा जवळ हाय, पण वास नाही." आणि खरंच वास नव्हता.

तेच पैसे. वास नसण्याचे.

मासा मुळात घाण वासाचा नसतो. मेल्यावर त्याच्या अंगावर आणि पोटात जंतू वाढतात आणि ते वास तयार करतात. जितकी उष्णता जास्त, तितके जंतू भराभर वाढतात. जपानी लोकांचं सगळं शहाणपण हा वेळ लांबवण्यात आहे. चांगला मासा पाण्याबाहेर तडफडत मरू देत नाहीत. डोक्यात टोकदार सळई घालून क्षणात मारतात आणि लगेच रक्त काढून टाकतात. मासा तडफडला की त्याच्या अंगातली ताकद संपते आणि मांस लवकर बिघडतं, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं. त्यानंतर बर्फ. होडीत बर्फ, बाजारात बर्फ, गाडीत बर्फ, दुकानात बर्फ. टोकियोत माशांचा प्रचंड मोठा बाजार आहे. तो आधी त्सुकिजीला होता, २०१८ साली तोयोसूला हलवला. तिथून खानावळीच्या पाटापर्यंत थंडावा कुठंच तुटू द्यायचा नाही, हा नियम.

म्हणजे गिऱ्हाईक साडेआठशे रुपये देतं ते पाण्यापासून ताटापर्यंत मधे जे जे हात लागले, त्या हातांच्या काळजीचे. मासा तर देवाने दिला. मोल मधल्या कामाचं.

आता कोणी म्हणेल, ते समुद्राकाठचे श्रीमंत लोक, त्यांचं आपल्याला काय? तर सुशीचा जन्म ऐका. सुशी सुरुवातीला समुद्राच्या माशाची नव्हतीच. भातशेतीच्या मुलखात, नद्यांत आणि तळ्यांत मिळणारा गोड्या पाण्याचा मासा टिकवायचा कसा, हा प्रश्न होता. तेव्हा फ्रीज कुठला? लोकांनी मासा मिठात मुरवला आणि शिजवलेल्या भातात दाबून ठेवला. भात आंबला की मासा टिकायचा. मासा खायचे, भात टाकून द्यायचे. जपानात बिवा नावाचं मोठं तळं आहे. त्या तळ्याकाठी आजही अशी जुन्या पद्धतीची सुशी करतात. ती ज्या माशाची करतात तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनसच्या कुळातला. ते काम आपल्या लोणच्यासारखंच, उन्हाळ्यातल्या साठवणीचं.

आज आपण फोटोत पाहतो ती हाताने दाबलेली सुशी बरीच नंतरची. साधारण १८२० च्या सुमारास एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ती चालू झाली. हानाया योहेई नावाच्या माणसाला तिचं श्रेय देतात. ती विकली जायची रस्त्याकडेच्या गाड्यांवर. घाईतल्या माणसाने उभ्या उभ्या दोन घास खावेत आणि कामाला जावं. आपल्याकडच्या वडापावसारखं. गाड्यावरचा पदार्थ नीटनेटकेपणाने हॉटेलात पोचला. २०१३ साली जपानी जेवणाच्या परंपरेची नोंद युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

आता बायांच्या बाजूने ही गोष्ट बघू, कारण तिथंही आपल्यासारखंच आहे.

आम्ही पाहिलं ते काप करणारे सगळे पुरुष होते. भाचीला विचारलं, बाया का नाहीत? ती म्हणाली, जपानात पूर्वापार सांगतात की बाईचे हात गरम असतात, त्याने मासा बिघडतो. आम्ही सगळ्या एकदम हसलो. घरी तिन्ही त्रिकाळ त्याच गरम हातांनी रांधलेलं चालतं, पैसे मिळायची वेळ आली की हात गरम! आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? घरची चूल बाईची आणि लग्नाचा आचारी पुरुष. ढाब्यावर भाजी कोण करतो? पुरुष. कांदे कोण चिरतं आणि भांडी कोण घासतं? बाई. पण टोकियोत २०१० साली 'नादेशिको' नावाची सुशीची खानावळ निघाली. तिथं सुरी धरणाऱ्या सगळ्या बाया होत्या. लोकांनी नावं ठेवली, त्यांनी काम सोडलं नाही.

आणि माशाच्या व्यवसायात जपानी बाई पहिल्यापासून आहेच. तिथं 'आमा' नावाच्या बाया आहेत. तोबा आणि शिमा या भागात त्या जास्त. आमा म्हणजे समुद्रात बुडी मारणारी. पाठीवर हवेची टाकी नाही, नुसता श्वास रोखून खाली जायचं, शिंपले आणि शेवाळ काढायचं आणि वर येऊन शीळ घातल्यासारखा श्वास सोडायचा. शेकडो वर्षांचं हे काम. आता त्यातल्या पुष्कळ जणी साठी-सत्तरीच्या आहेत, पोरी यायला तयार नाहीत. बुडी मारून आल्यावर अंग शेकायला त्यांची किनाऱ्यावर झोपडी असते, मधे शेगडी. आता काही ठिकाणी त्या झोपडीतच पाहुण्यांना बसवतात, समोर निखाऱ्यावर शिंपले भाजून देतात आणि आपल्या कामाच्या गोष्टी सांगतात. पाहुणे पैसे देऊन जेवतात. मोठं हॉटेल नाही, झुंबर नाही. माल स्वतः काढलेला, हात स्वतःचे, जागा स्वतःची.

असं आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर २०२३ साली महापालिकेच्या पुढाकाराने कोळी महिलांच्या बचत गटांचे माशांच्या जेवणाचे स्टॉल सुरू झाले. ज्या बाया पिढ्यान्‌पिढ्या टोपलीत मासळी विकत होत्या, त्या ताट वाढून विकायला लागल्या. टोपलीतल्या माशाला जो भाव येतो, त्यापेक्षा ताटातल्या माशाला जास्त येतो, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

आता येऊ या घरी, खडकपूर्णाच्या धरणावर. त्याला आपण संत चोखासागर म्हणतो. आमच्या गटात दहा जणी. त्यांतल्या तिघी धरणाचा मासा विकतात. पहाटे मासा घेतात, टोपल्यात ओलं पोतं टाकून बाजाराला नेतात. बाजारात त्यांची जागा कुठं? शेवटच्या टोकाला, नालीच्या कडेला. तिथंच मासा कापतात, तिथंच धुतात. आणि खरं सांगायचं तर गटाच्या बैठकीतही त्या तिघी दाराजवळ बसतात. त्यांना कोणी तिथं बसा म्हटलेलं नाही, पण आत सरका असंही कोणी म्हटलेलं नाही. मुंबईत मासा कापणारा मधोमध उभा आणि लोक त्याचे हात बघत जेवतात. इथं मासा कापणारी दाराशी. त्या दिवशी गाडीत परत येताना आमच्या बोलण्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आली.

गावी आल्यावर आम्ही त्या तिघींबरोबर बसून एका दिवसाचा हिशोब लिहिला. गुरुवार होता, गिऱ्हाईक कमी. वीस किलो मासा नेला. बारा किलो १६० रुपयांनी गेला. दुपारी चारनंतर डोळे खोल गेले, कल्ले काळे पडले. उरलेला आठ किलो एका खानावळवाल्याने ७० रुपयांनी उचलला. १२८० रुपयांचा माल ५६० ला गेला. एका दिवसात ७२० रुपयांची खोट. आठवड्यातून दोनदा असं झालं तर महिन्याला किती होतात, ते तुम्हीच मोजा. हे पैसे कोणी चोरले नाहीत. उन्हाने नेले.

म्हणून जपानी खानावळीतून आपल्याला काय घेता येईल ते सांगतो.

पहिली गोष्ट बर्फ. आपल्या उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ धरा. खाली बर्फाचा थर, वर मासा, वर पुन्हा बर्फ. बर्फ बारीक फोडलेला असावा, म्हणजे माशाला चहूकडून लागतो. वितळलेलं पाणी खालून निघून गेलं पाहिजे. जाड थर्माकोलची पेटी चालते, तिच्या खालच्या कोपऱ्याला भोक पाडा. ओल्या पोत्याने मासा ओला राहतो, पण बर्फासारखा थंड राहत नाही.

दुसरी गोष्ट सफाई. पोटातली घाण आणि कल्ले लवकर काढले तर मासा जास्त टिकतो. काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, मांस कडू होतं. आणि एक धोक्याची गोष्ट. रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून गिळायची काही ठिकाणी रीत आहे. ते विष आहे. त्याने मूत्रपिंड निकामी होतं, माणूस दगावू शकतो. कोणी कितीही सांगितलं तरी गिळू नका, गिळू देऊ नका.

तिसरी गोष्ट गिऱ्हाईकाला दाखवायची. ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं, खवले घट्ट. हे बोलून विका. मासा कोणत्या पाण्याचा, किती वाजता निघाला, ते सांगा. घ्यायला जाणाऱ्या बहिणींनीही हेच बघावं.

चौथी गोष्ट थोडकेच पदार्थ. चांगली जपानी खानावळ शंभर पदार्थ करत नाही. ज्या दिवशी जो मासा चांगला, तो देते. आपणही ताट विकायचं ठरवलं तर माशाचा रस्सा, तळलेला तुकडा, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा, एवढं पुरे. धरणाच्या माशाला कधी चिखलाचा वास येतो. तो पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. लिंबू किंवा चिंच लावून थोडा वेळ ठेवला की तो कमी होतो.

आणि एक गोष्ट जी अजिबात घ्यायची नाही, ती म्हणजे कच्चा मासा. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून दोनदा सांगतो. आपल्या धरणाचा, नदीचा, शेततळ्याचा मासा कधीही कच्चा खायचा नाही. गोड्या पाण्याच्या माशात माणसाच्या शरीरात वाढणारे कृमी असू शकतात. सुशीचा समुद्री मासासुद्धा पुष्कळ वेळा आधी उणे २० अंशांखाली गोठवतात, कृमी मरावेत म्हणून. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. लिंबाने किंवा व्हिनेगरनेही कृमी मरत नाहीत. मोबाईलवर बघून पोरं हौस करतात, त्यांना सांगा. आपला मासा चुलीवर नीट शिजलेला.

कायद्याचंही थोडं. जेवण विकायचं तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते.  प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात बर्फपेटी, बर्फपेटीची सायकल आणि मोटारसायकल, मासळीचं छोटं दुकान अशा गोष्टी होत्या आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान धरलेलं होतं. सध्या काय चालू आहे, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. एकटीने जाऊ नका, गटाने जा आणि गटाचं ठराव पुस्तक बरोबर न्या.

आता आमच्या गटात सध्या काय चाललंय, ते सांगून थांबतो. तिघींनी अर्ज दिला आहे. तीन बर्फपेट्या, एक वजनकाटा, दोन चांगल्या सुऱ्या आणि कापायला एक ओटा, यासाठी गटाच्या पैशातून कर्ज हवं आहे. आजवर आमच्या गटाने शेळीला कर्ज दिलं, शिलाई मशीनला दिलं, पिठाच्या गिरणीला दिलं. मासळीला कधीच दिलं नाही. मागच्या बैठकीत चौघी जणी नको म्हणाल्या. कोणी म्हणालं, गटाला मासळीचं नाव लागेल. कोणी म्हणालं, श्रावणात आणि चातुर्मासात धंदा बसतो, हप्ता कसा फिटणार? दुसरी शंका खरी आहे. तिचा हिशोब आम्ही करतो आहोत. पावसाळ्याचे महिने हप्ता अर्धा ठेवायचा आणि हिवाळ्यात भरून काढायचा, असा विचार आहे. पहिल्या शंकेला मात्र हिशोबाचं उत्तर नाही. शेळीच्या लेंड्यांना वास येतो म्हणून आपण शेळीवालीला कर्ज नाकारलं नाही. शेणाचे हात झालेल्या दूधवालीला नाकारलं नाही. मग माशाच्या हातांना का नाकारायचं?

ज्या नको म्हणाल्या त्या आमच्याच आहेत, वाईट नाहीत. त्यांतल्या दोघी माळकरी आहेत. त्यांनी मासा खावा असं कोणी म्हणत नाही. ओट्यावर बसावं असंही नाही. फक्त हात वर करायचा आहे, बहिणीच्या कष्टासाठी. पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा येणार आहे. त्या दिवशी त्या तिघींना दाराजवळून उठवून मधे बसवायचं, एवढं मात्र आम्ही आधीच ठरवलं आहे. त्याला ठराव लागत नाही.

तुमच्या गटातही अशी कोणी असेल. मासळीवाली असेल, कोंबड्या कापणारी असेल, चामड्याचं काम करणाऱ्या घरातली असेल. येत्या बैठकीत बघा, ती कुठं बसते. तिच्या एका दिवसाचा हिशोब तिच्याबरोबर बसून लिहा. खोट कुठं जाते आणि ती थांबवायला किती पैसे लागतात, ते मोजा. आणि काय निघालं ते आम्हाला पत्राने किंवा फोनने केंद्रावर कळवा. तुमचे हिशोब आम्ही पुढच्या भाषणात वाचून दाखवू, नाव न घेता.

आज एवढंच.